प्रतापगड नावाचा सर्व्हर

एका प्रश्नाचे उत्तर नीट मांडावे, म्हणून हे लिहायला घेतले आहे. ज्या संगणकावर आपले सॉफ्टवेअर बसवू नये असे ते बनवणारी कंपनीच सांगते, त्या संगणकावर ते बसवता येते का? आणि बसवता येत असेल, तर कंपनीच्या त्या नकाराचा नेमका अर्थ काय? मी गणित शिकवतो. संगणक हा माझा विषय नव्हे. या प्रश्नाचे उत्तर मला गोंदियाच्या आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका बाईंकडून मिळाले. त्या डेटाबेस हा विषय शिकवत, म्हणून मुले त्यांना डीबी मॅडम म्हणत. मीही तेच म्हणेन.

डीबी मॅडमना 'नाही' हा शब्द पूर्णविरामासारखा वाटतच नसे. कोणी 'नाही' म्हटले की त्या मान किंचित तिरपी करून विचारत, "काऊन?" म्हणजे 'का?'. आवाज चढलेला नसे. समोरच्याने कारण सांगितले की त्या ते ऐकून घेत आणि त्या कारणालाही पुन्हा "काऊन?" विचारत. ग्रंथपाल, लेखापाल, बसचा वाहक, सर्वांनी हा अनुभव घेतला होता. स्टाफरूममध्ये माझे टेबल त्यांच्या टेबलाला लागून होते. पुण्याहून नव्याने आलेले आमचे एक सहकारी मला हळूच म्हणाले, "या बाई फार तोडून बोलतात हो." मी त्यांना सांगितले की त्या अर्जुनी मोरगावकडच्या आहेत, तिकडे याला बोलणे म्हणतात.

त्यांची दुसरी सवय वर्गात दिसे. संगणकावर चूक दाखवणारा संदेश आला की बहुतेक माणसे ती खिडकी घाईने बंद करतात. मॅडम तसे करू देत नसत. विद्यार्थ्याला उभे करून तो संदेश पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचायला लावत. "लाल अक्षरं आहेत म्हणून घाबरून कायले राहिला? शिवी नाही दिली त्यानं. काय पाहिजे ते सांगून राहिला, ऐक तरी." प्रयोगशाळेच्या बाजूने जाताना हे वाचन कानावर येई, तेव्हा प्राथमिक शाळेतील धडावाचनाची आठवण होई.

आता मूळ अडचण सांगतो. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मोठ्या कंपन्या वापरतात ते डेटाबेस सॉफ्टवेअर आले. शिकण्यासाठी ते विनाशुल्क उतरवून घेता येत होते, पण ते कोणत्या कार्यप्रणालींवर चालेल याची कंपनीची एक यादी होती. त्या यादीत सर्व्हरसाठीच्या महागड्या प्रणाली होत्या. आमच्या प्रयोगशाळेत साधे टेबलावरचे संगणक होते आणि त्यांवर घरगुती वापराची, फुकट मिळणारी लिनक्स होती. ती त्या यादीत नव्हती. विद्यापीठाने कळवले की ज्या महाविद्यालयात हे सॉफ्टवेअर चालत नसेल, तेथील प्रात्यक्षिक परीक्षेचे केंद्र काढून नागपूरला दिले जाईल. निर्णयासाठी एक समिती येणार होती.

नागपूर गोंदियाहून फार दूर नाही, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटेल. परंतु आमच्या वर्गातील अर्ध्याहून अधिक मुली सालेकसा, देवरी, आमगाव या बाजूने सकाळच्या गाडीने येत आणि संध्याकाळच्या गाडीने परत जात. प्रात्यक्षिके सलग काही दिवस चालतात. हेमलता नावाची सालेकशाकडची एक मुलगी वर्गात सर्वांत पुढे होती. ही बातमी कळताच तिचे वडील स्वतः स्टाफरूममध्ये आले. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हते.

"मॅडम, गोंदियापर्यंत ठीक आहे. सकाळी जाते, सांजीले घरी येते. नागपूरले चार दिवस ठेवा लागन म्हणाल, त मी नावच काढून घेतो पोरीचं."

"काऊन?" मॅडम म्हणाल्या.

"कोठी राहीन ते? आमचं कोणी नाही तिकडं."

या एका कारणाला मॅडमनी पुन्हा प्रश्न केला नाही. त्या म्हणाल्या, "काका, नाव काढू नका. परीक्षा इथंच होईन. मी करून दाखवते."

गृहस्थ गेल्यावर मी विचारले, "मॅडम, शब्द दिलात. होईल का?"

"माहीत नाही सर. पण आता झालंच पाहिजे ना."

महाविद्यालयाने नागपूरच्या एका दुकानातून तंत्रज्ञ बोलावला. त्याने संगणक पाहिला आणि गोंदियात सगळेच बोलतात तशा हिंदीत म्हणाला, "बहुत आसान है मॅडम. एक फाइल में सिस्टिम का नाम लिखा रहता है. वहाँ कंपनीवाली सिस्टिम का नाम डाल दो. इन्स्टॉलर को क्या पता चलेगा?"

"त्याले नाही समजणार," मॅडम म्हणाल्या, "पण मले समजन ना."

तो हसला. त्याला वाटले की बाई नीतीचा धडा देत आहेत. मॅडमनी मग फळ्यावर दोन चौकोन काढले आणि मला, म्हणजे गणितवाल्याला, पटेल असे स्पष्टीकरण दिले. सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम आधी तपासणी करतो. प्रणालीचे नाव काय, स्मृती किती, आवश्यक असलेले छोटे प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरांत आहेत का. आपण नाव खोटे सांगितले, तर त्या नावाच्या प्रणालीत जे जेथे असते, ते तेथेच आहे असे तो गृहीत धरून चालेल. मग पुढे कोठेतरी अडेल, आणि का अडला ते सांगणारा संदेशही खोट्या नावावर आधारलेला असेल. त्याऐवजी दुसरा मार्ग आहे. ही तपासणी वगळ, असा आदेश उघडपणे देता येतो. तशी सोय कंपनीनेच ठेवली आहे. तो दिल्यावर पुढची जबाबदारी आपली. जी वस्तू तो मागेल, ती आपण शोधून द्यायची.

त्यांनी तसेच केले. एक छोटा प्रोग्राम इन्स्टॉलर एका फोल्डरमध्ये शोधत होता आणि आमच्या लिनक्समध्ये तो दुसऱ्या फोल्डरमध्ये होता. मॅडमनी पहिल्या जागी दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा ठेवला. लायब्ररी म्हणतात अशा एका सहायक फाइलचे नाव एका अंकाने वेगळे होते, तेथेही दुवा. शेवटी सगळे भाग एकमेकांना जोडण्याचा टप्पा येतो, तेथे ते पुन्हा पुन्हा थांबले. दर वेळी त्या पूर्ण संदेश वाचत आणि जोडणीचा क्रम बदलत. तंत्रज्ञ दुपारच्या गाडीने निघून गेला होता. जाताना म्हणाला होता, "मॅडम, ये सपोर्टेड नहीं है, लिख के रख लो." त्या शनिवारी डेटाबेस सुरू झाला. मॅडमनी त्याचा सल्ला अक्षरशः पाळला. प्रयोगशाळेच्या दारावर त्यांनी ठळक अक्षरांत कागद लावला: 'ही प्रणाली कंपनीच्या यादीत नाही. येथे डेटाबेस चालतो. कसा, ते विचारा.'

खोट्या नावाबद्दल त्यांचा हा हट्ट केवळ संगणकापुरता नव्हता. गोंदियात नोकरी लागली तेव्हा त्यांनी शहरात खोली शोधली. एके ठिकाणी घर पसंत पडले, मालकीणबाईंनी चहाही ठेवला. मग आडनाव विचारले आणि खोली अचानक भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. दलालाने बाहेर येऊन समजावले, "दूसरा सरनेम बता दो ना मॅडम, बाद में कौन पूछता है." हा प्रसंग त्यांनी स्टाफरूममध्ये डबा खाताना सांगितला. "मी म्हटलं, भाऊ, मंग भाडं कोण देईन? ते दुसऱ्या आडनावाची बाई?" आम्ही सारे हसलो. त्या हसल्या नाहीत, लोणच्याची फोड बाजूला काढून ठेवत म्हणाल्या, "मंग शहराबाहेर फुलचूरले घेतली खोली. दारावर पाटी लावली, नाव आडनावासकट. मोठी लावली."

प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणकालाही त्यांनी नाव दिले होते. क्रमांकाने हाक मारणे त्यांना आवडत नसे. सालेकसा, नवेगाव, देवरी अशी ती नावे होती. डेटाबेस ज्यावर होता त्याचे नाव होते प्रतापगड. हा इतिहासातला प्रसिद्ध किल्ला नव्हे, अर्जुनी मोरगावकडचा त्याच नावाचा डोंगर; त्यांच्या गावाच्या शेतातून तो दिसत असे. सर्व विद्यार्थ्यांचे संगणक याच नावाने सर्व्हरला शोधत. "प्रतापगडले जोडून घ्या," असे म्हटले की वर्ग कामाला लागे.

समिती यायची होती त्या दिवशी आमच्या हातून एक चूक झाली. ती आमच्यासारख्या संस्थांतच होऊ शकते. आमच्याकडे प्रवेशद्वाराला संस्थापकांचे नाव आहे, सभागृहाला आहे, सायकल स्टँडला आहे आणि पाणी थंड करण्याच्या यंत्रालाही आहे. समितीबरोबर संस्थेचे सचिव, म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव, येणार होते. प्राचार्यांनी सकाळी लवकर प्रयोगशाळा पाहिली आणि सर्व्हरच्या पडद्यावर प्रतापगड हे नाव त्यांना दिसले. सेटिंगमध्ये जाऊन संगणकाचे नाव बदलणे कोणालाही जमते. त्यांनाही जमले. प्रतापगडच्या जागी संस्थापकांचे नाव आले. संगणक बंद करून त्यांनी पुन्हा सुरू केला आणि समाधानाने हार आणायला माणूस पाठवला.

समितीचे अध्यक्ष दारावरचा कागद वाचून आत आले. हेमलता संगणकासमोर बसली. तिने जोडणीचा आदेश दिला आणि लाल अक्षरे आली. दुसऱ्या मुलीने दिला, पुन्हा लाल अक्षरे. सचिव प्राचार्यांकडे पाहू लागले. अध्यक्षांनी पेनचे टोपण लावले.

"वाच," मॅडम म्हणाल्या.

हेमलताने उभे राहून संदेश शेवटपर्यंत वाचला. प्रतापगड नावाचा संगणक सापडत नाही, असा त्याचा आशय होता. मॅडम सर्व्हरजवळ गेल्या, पडद्यावरचे नाव पाहिले आणि मागे वळल्या.

"नाव कोणी बदललं?"

प्राचार्य जवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "मॅडम, राहू द्या ते नाव. सचिवसाहेब आहेत. दुसरा काही उपाय करा."

"दुसरा उपाय आहे सर," मॅडम सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाल्या, "पण तो सगळ्या कॉम्प्युटरवर करावा लागन. सगळे प्रतापगडले शोधून राहिले. एकाचं नाव परत देऊ, की सगळ्यायले नवीन नाव शिकवू? समिती थांबून आहे."

मॅडम सचिवांकडे वळल्या. "साहेब, तुमच्या वडिलांचं नाव काढून राहिली. राग मानू नका, त्यायचं नाव दारावर आहेच." आणि त्यांनी ते काढले. संगणक पुन्हा सुरू झाला. हेमलताने आदेश दिला आणि उत्तराच्या ओळी पडद्यावर उतरू लागल्या. तिने खालचा ओठ दातांत धरला होता. तो तेव्हा सोडला.

अध्यक्ष कडक गृहस्थ होते. म्हणाले, "चालते आहे, हे मी पाहिले. पण याला कंपनीचा आधार नाही. परीक्षेत बिघडले तर कोणाला विचाराल?"

"आत्ताच बिघडलं होतं ना सर," मॅडम म्हणाल्या. "कोणाले विचारलं, तुम्ही पाहिलं."

अध्यक्षांनी टोपण पुन्हा काढले. केंद्र गोंदियात राहिले. चहाच्या वेळी सचिव मॅडमशी एक शब्दही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी तासिका तत्त्वाच्या जागांची निवड झाली, तेव्हा डेटाबेससाठी दुसरे नाव लागले. कारण विचारायला मॅडम प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. त्यांचे "काऊन?" मला बाहेर व्हरांड्यात ऐकू आले, एकदा आणि मग पुन्हा एकदा. आतून उत्तर ऐकू आले नाही. निरोपाला शाल आणि नारळ द्यावा असे आम्ही काहींनी ठरवले, तर त्या म्हणाल्या, "शाल कायले? मी काय रिटायर होऊन राहिली का?" त्यांनी नव्या अध्यापकाला सर्व्हरसमोर बसवले, तपासणी कशी वगळायची आणि कोणकोणते दुवे का ठेवले आहेत ते पूर्ण समजावून दिले, आणि त्याच्याकडून सारे पुन्हा वदवून घेतले. त्यानंतरच त्या गेल्या. आता त्या अर्जुनीकडे शिकवण्या घेतात, असे कळते.

मी सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: बसवता येते. आधार देणार नाही, एवढेच कंपनी म्हणते. चालणार नाही, हे तिने कोठेही म्हटलेले नसते. आमच्या महाविद्यालयाच्या अहवालात मात्र केंद्र टिकल्याचे श्रेय संस्थेच्या प्रेरणेला दिलेले आहे. वाचकांनी माझ्यावरही विश्वास ठेवू नये आणि अहवालावरही ठेवू नये. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी सकाळी गोंदिया स्थानकावर यावे, सालेकशाच्या बाजूने येणाऱ्या गाडीतून ज्या मुली उतरतात त्यांच्याबरोबर महाविद्यालयापर्यंत चालत जावे, आणि परीक्षा कोठे होते ते कृपया स्वतः पाहावे.