पायाळूची कंबर

दुर्गा पायाळू. आईच्या पोटातून पाय पुढे करून आलेली. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्या करी रोडला सगळे मानतात. चाळीत सकाळी उठल्या उठल्या लोक तिच्या दारात पालथे पडायचे. हवालदार, टॅक्सीवाले, ढोलपथकातली दांडगी पोरं. ही पाय टेकवायची, ते उठून चालायला लागायचे. चहा पिऊन जा म्हणून हिचाच आग्रह.

आणि हिची स्वतःची कंबर गेली तेव्हा? हसले सगळे. "पायाळूक कसली गो उसण?"

लालबागला सुचित्राताईंच्या पोळीभाजी केंद्रात ती पहाटेपासून उभ्याने पोळ्या लाटायची. आधी कंबर दुखली, मग मांडी, मग पोटरीपर्यंत कळ. मी तिची शेजारीण, मीच तिला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं: जमिनीवर उताणं पडायचं, गुडघे वर, श्वास सोडत सोडत कंबर लादीला टेकवायची. कामाच्या मध्ये, रोज. फरक पडला. तोंडावरचा पीळ सुटलेला मी स्वतः पाहिलाय. तेवढं पडायला मिळालं तरच दुर्गा पुढच्या पोळ्या लाटू शकायची, नाहीतर नोकरी संपली.

एक दिवस सुचित्राताईंनी तिला पिठाच्या गोण्यांमागे आडवी पाहिली.

"झोपा काढतेस?"

"कंबर धरलीय ताई. व्यायाम सांगितलाय."

"तुझी कंबर? पायाळू ना तू? नाटकं दुसरीकडे कर. पुन्हा आडवी दिसलीस तर घरीच आडवी हो."

मी फेरीवाल्यांच्या युनियनचं काम करते; हे कळल्यावर तडक केंद्रात शिरले. म्हटलं, "स्टूल द्या, नाहीतर तिला पडायला वेळ द्या."

"तुझी युनियन रस्त्यावर, माझ्या दुकानात नाही."

या बाई स्वतः टॉवरात योगाला जातात. यांच्या श्वासाला मॅट लागते, हिच्या श्वासाला यांची परवानगी.

तणतणत बाईंनी पिठाचा डबा ओढला आणि तिथेच वाकड्या झाल्या. "आई गं! उसण भरली! दुर्गा, पाय लाव!"

"अजिबात लावू नकोस," मी म्हटलं.

"तू गप ऱ्हव गो," दुर्गा मला म्हणाली. बाई बऱ्या झाल्या तर पडायला देतील, असा तिचा हिशेब. बाई पालथ्या झाल्या. दुर्गाने चप्पल काढली, एका पायावर उभी राहिली, दुसरा उचलून त्यांच्या पाठीवर टेकवला. तेवढ्यात कळ येऊन टेकूचा पायच सुटला. बाईंच्या अंगावरून ती थेट लादीवर आपटली.

हसले. पोळ्या लाटणाऱ्या, डबे न्यायला आलेले, सगळे. मी शिव्या घातल्या तेव्हा तोंडं मिटली, पण उचलायला कुणी वाकलं नाही.

बाई गोळ्या खाऊन बऱ्या झाल्या. चाळीत बातमी फिरली, दुर्गाचा गुण गेला. तिला दुखतंय, असं एक माणूस म्हणालं नाही.

धड चालता यायला लागल्यावर ती कामावर गेली, मी सोबत. दारातच बाई म्हणाल्या, "पायाचा गुणही गेला तुझा. आता तुझं मी काय करू?"

आत तिच्या जागी लक्ष्मी नावाची तरणी पोर मान खाली घालून पोळ्या लाटत होती. उभ्याने.