सुजलेला स्क्रीन

कळमनुरीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि लग्नाचे बायोडाटा तयार करून देते. नवऱ्याचं बाजारात खताचं दुकान आहे. माझं दुकान म्हणजे एक टेबल, कॉम्प्युटर, प्रिंटर आणि येणाऱ्यांसाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. मागच्या लग्नसराईच्या तोंडावर कॉम्प्युटरनं दगा द्यायला सुरुवात केली. तो चालू होईपर्यंत आलेलं माणूस चहा पिऊन कप विसळायला ठेवायचं. शेवटी हिंगोलीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं सीपीयू नेऊन दिला. त्यानं जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली आणि परत दिला.

घरी आणून जोडला आणि माझ्या अंगावर काटा आला. स्क्रीनवरचं प्रत्येक चित्र भाकरीएवढं झालं होतं. अक्षरांच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. पत्रिकेवरचा गणपती मुळातच लंबोदर, पण हा वरून कुणीतरी दाबून बसवल्यासारखा आडवा पसरलेला. बायोडाटातल्या मुलींचे फोटो उघडले तर सगळ्यांना गालफुगी झालेली. इतक्या नीटस, छान पोरी, आणि त्यांचे ते सुजलेले, धुरकट चेहरे बघवेनात. पूर्ण पान एकदम दिसायचंच नाही. वरचा गणपती दिसला की खालचा पत्ता गायब.

मी सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन वाढवायला बघितलं. तो पर्याय करडा पडलेला, हात लावला तरी हलेना. दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"दादा, स्क्रीन नीट दिसत नाही. सगळं फुगून राहिलंय."

"नवीन सिस्टीम हाय, मॅडम. हळूहळू सवय होऊन जाईल."

"अहो, गोल काढला तर अंडं दिसतंय. त्याची कसली सवय?"

"मग मॉनिटर गेला तुमचा. नवीन घेऊन टाका."

हे बोलताना त्याच्या तोंडात गुटखा होता. फोनवरूनसुद्धा कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन मी हिंगोली गाठली. पहिल्यांदा नवऱ्यानं नेऊन दिला होता, म्हणून ते दुकान मी बघितलेलं नव्हतं. दाराजवळचा कोपरा छातीच्या उंचीपर्यंत लाल. काउंटरवर उघड्या पडलेल्या मशिनी, त्यांच्यात धुळीचे गोळे, आणि एका डब्यात मेलेलं झुरळ पाय वर करून पडलेलं. दुरुस्तीवाल्यानं करंगळीच्या नखानं दातातली सुपारी काढली आणि त्याच हातानं माझ्या सीपीयूच्या वायरी जोडल्या. मी पदर नाकाला लावला. त्यानं ते बघून न बघितल्यासारखं केलं.

त्याच्या मॉनिटरवरही तेच. आडवा गणपती, फुगलेली अक्षरं.

"माझा मॉनिटर गेला म्हणत होता ना?" मी म्हटलं. "मग हे तुमच्यावर काहून असं दिसून राहिलं?"

"मग कार्ड टाकावं लागंल. डिस्प्लेचं वेगळं कार्ड येते." एवढं बोलून तो थुंकायला बाहेर गेला.

शेजारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याचा एक मित्र बसला होता. पाय खुर्चीवर घेतलेले, हातात माउस. मी सहज तिकडं बघितलं. तो स्क्रीन मोठा आणि अगदी लख्ख होता, केसन् केस दिसावा असा. त्यावर फिक्या निळ्या पार्श्वभूमीवर एका मुलीचा फोटो होता. ती निळी पार्श्वभूमी मला ओळखीची वाटली, आणि मग कळलं, ती मीच टाकलेली आहे. फोटोत मोहरी रंगाच्या साडीतली, डोंगरकडा गावची मुलगी होती. तिच्या आईनं माझ्याकडंच बसून तो फोटो निवडला होता. माझ्या स्क्रीनवर जो चेहरा सुजलेला बघून आले होते, तो इथं स्वच्छ, जसाच्या तसा. मित्रानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. मग पुढची मुलगी. मग पुढची.

दुरुस्तीवाला आत येत होता. मित्र मान न वळवता म्हणाला, "हे बघ बे, ही भारी हाय."

माझ्या पाठीतून कसंतरीच झालं. उघड्या हातावरून पाल चढून गेल्यासारखं.

"हे फोटो तुमच्याकडं कसे?" मी विचारलं.

"बॅकअप हाय, मॅडम." दुरुस्तीवाला घाईघाईनं म्हणाला. "सिस्टीम टाकायच्या आधी घ्यावाच लागते. तुमच्याच फायद्यासाठी."

"माझा बॅकअप मला परत दिला ना? मग हा इथं काहून ठेवला?"

"डिलीट करायचा राहून गेला."

"डिलीट करायचा राहून गेला, आणि बघायचा न्हाई राहिला?"

मित्र माउस सोडून, पँटीला हात पुसत बाहेर सटकला. मी दुरुस्तीवाल्याला माझ्यासमोर ते सगळं पुसायला लावलं. मग कॉम्प्युटरातल्या कचऱ्याच्या डब्यात गेलेलंही पुसायला लावलं. मोबाईल दाखव म्हटलं, तर तो हसला. ते हसू मला आजही आठवतं, लाल, ओलसर.

"इतकं काय मनाला लावून घेता? फोटो तर लोकांला दाखवायसाठीच काढतेत की."

खूप काही बोलावंसं वाटत होतं, पण तोंडात फक्त थुंकी जमा झाली. मी ती गिळली, वायरी स्वतः ओढून काढल्या, सीपीयू चादरीत गुंडाळला आणि बाहेर पडले.

घरी येऊन आधी अंघोळ केली. सीपीयूही ओल्या फडक्यानं पुसून काढला. नवरा दुकानातून आल्यावर सगळं सांगितलं. तो तसाच चपला घालून उभा राहिला.

"मी जातो. दोन थोबाडात देतो त्याच्या."

"तुमी मारून याल, आणि तो चिडून फोटो आणखी कुठं पाठवील. त्याच्या मोबाईलात काय हाय, कुणाला माहीत?"

नवरा खाली बसला. "मग कॉम्प्युटरचं काय?"

"तो मीच बघते. त्या माणसाचा हात आता ह्याला लागू द्यायचा न्हाई."

रविवारी दुपारी मी बसले. मोबाईलवर वाचून वाचून एवढं कळलं होतं की मॉनिटर गेलेला नसतो आणि बहुतेक वेळा कार्डही लागत नाही. सिस्टीमला आपल्या मशिनीतला चित्र दाखवणारा भाग ओळखताच येत नाही, म्हणून ती कशीबशी ढोबळ चित्र दाखवते. ओळख करून देणारा ड्रायव्हर टाकावा लागतो. त्या बाबानं तोच टाकला नव्हता. आत शोधलं तर डिस्प्लेच्या नावापुढं पिवळा त्रिकोण लागलेला. एवढंसं काम, आणि तेवढं न करता तो पोरींचे फोटो बघत बसला होता.

मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवला. तो म्हणाला, ही सिस्टीम जुळत नाही. दुसरा उतरवला. आता पुढं जायचं बटणच दिसेना, कारण खिडकी इतकी मोठी झाली होती की तिचा खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर गेलेला. मग टॅब दाबत दाबत, अंदाजानं एंटर मारलं. स्क्रीन काळा पडला.

"गेलं!" मागून नवरा म्हणाला.

"गप बसा हो."

आणि चित्र आलं. बारीक, रेखीव. रिझोल्यूशनचा पर्याय आता उघडला होता. शिफारस केलेला आकडा निवडला आणि गणपती जागच्या जागी सरळ झाला, अक्षरांच्या पायऱ्या गेल्या, पत्ता आणि गणपती एकाच पानावर दिसू लागले. नवऱ्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. मला मात्र आनंद असा झालाच नाही. त्या लख्ख स्क्रीनवर बायोडाटाचं फोल्डर उघडायची हिंमत होईना. उघडलं की ती निळी पार्श्वभूमी दिसायची, आणि तिच्यावर फिरणारा त्या मित्राचा माउस.

पुढचे काही दिवस मी एकेका घरी फोन केले. झालं ते सांगितलं, पोलिसांत जायचं असेल तर मी सोबत येते, म्हटलं. एकही बाप तयार झाला नाही. "जाऊ द्या ताई, पोरीचंच नाव चव्हाट्यावर येईल," हेच जो तो म्हणाला. एका घरानं मलाच शिव्या दिल्या आणि पत्रिकेचं कामही दुसरीकडं नेलं. शिव्यांचं वाईट वाटलं नाही. पण ते "जाऊ द्या" ऐकून ऐकून मला त्या दुकानातल्या लाल कोपऱ्याची आली होती तशीच किळस येऊ लागली.

डोंगरकड्याची मुलगी मात्र आईला घेऊन घरी आली. आई दारातच म्हणाली, "आमी तुमच्या भरोशावर दिला होता फोटो."

"व्हय," मी म्हटलं.

मुलीनं खुर्ची माझ्याशेजारी ओढली. "माझ्यासमोर काढून टाका तो."

मी काढून टाकला. तिनं पूर्ण गेला का तेही बघून घेतलं. मग म्हणाली, "बायोडाटा राहू द्या. फोटोची जागा काढा तेवढी."

"फोटोबिगर कोण बघंल गं?" आई म्हणाली.

"बघायचं असंल त्यानं घरी यावं. चहा प्यावा, तोंडावर बघावं."

मी चौकट काढून मजकूर वर घेतला. मुलीनं स्क्रीनवर सगळं वाचलं, शिक्षणाच्या ओळीत मी केलेली एक चूक दाखवली. ती दुरुस्त करून मी प्रत काढून दिली. तिनं कागद दुमडून पर्समध्ये टाकला आणि दोघी कळमनुरीच्या स्टँडकडं निघून गेल्या.