मामांच्या गाडीची हळद

देवाने जग घडवलं आणि ते पुसत बसायचं काम विचुंबे गावच्या माझ्या मोठ्या मामांवर सोपवलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. जमिनीचे पैसे आले तेव्हा गावातल्या बाकीच्यांनी उंच उंच नव्या गाड्या घेतल्या. मामांनी एक जुनी, गोल पाठीची मोटार घेतली. का, तर तिच्या अंगावर सगळ्यात जास्त चकचकीत पट्ट्या होत्या. म्हणजे कधीकाळी चकचकीत. बंपर, पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, चाकांच्या वाट्या, सगळं काळं पडलं होतं. नव्या सुनेचे दागिने उतरवावेत तसं मामांनी ते एकेक करून उतरवलं आणि घासायला बसले. अंगणात मामी सुकट वाळत घालायची, तिच्या शेजारी या पट्ट्या वाळू लागल्या. पावसाळाभर बंपर दिवाणावर गोधडीत निजला आणि मामा खाली चटईवर. मामी म्हणायची, मी तापानं फणफणले तेव्हा मला नाय अशी गोधडी मिळाली.

गाडी चालत नसे. कुणी तसं बोलून दाखवलं की मामा म्हणत, "चालायला बैल होते आमच्याकडं. ही बघायला हाय." बघायलाही हात मागे बांधून उभं राहावं लागे. बोटाचा ठसा उमटलाच, तर मामा खिशातून फडका काढत आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत बघत पुसत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे मामा पाहुण्यांना आधी बंपर दाखवत, मग मला. दाखवताना सवयीने माझ्या खांद्यावरही फडका फिरवत. एकदा मी चाचरत सांगितलं की ही चकाकी म्हणजे वरचा पातळ मुलामा आहे, फार घासलं तर निघून जाईल. "आंघोळीनं मानसाची कातडी जाते काय रे?" मामांनी विचारलं.

यंदा मामांच्या एकुलत्या एका मुलीचं, वनिताताईचं, लग्न ठरलं. मुलगा आपटा गावचा. त्याने ताईला न्यायला नवी पांढरी गाडी सांगून ठेवली होती. पण लहानपणी ताई घासायच्या पट्टीचं दुसरं टोक धरून बसायची, तेव्हाच मामांनी तिला शब्द दिला होता की सासरी पाठवीन ती याच गाडीतून. मग मिस्त्री आला, इंजिनाची दुरुस्ती झाली, गाडीने धूर सोडला आणि अख्खं गाव खोकलं. मामांचं लक्ष इंजिनाकडे नव्हतंच. मिस्त्रीचे तेलकट हात कुठे कुठे टेकतात, तिकडे होतं.

हळदीच्या दिवशी बायका अंगणात लग्नाचे पितळी हंडे चिंच आणि राख लावून घासत होत्या. हंडे असे लखलखले की त्यांच्यापुढे मामांना गाडी फिकी वाटू लागली. त्यांनी चिंचेचा गोळा आणि मूठभर राख उचलली आणि बॉनेटवरच्या मधल्या पट्टीवर जीव खाऊन हात चालवला. थोड्या वेळाने हात थांबला. मधोमध वीतभर मुलामा उडाला होता आणि खालचं पितळ दिसत होतं, पिवळंधम्मक. मामांनी ते फडक्याने पुसून पाहिलं. ते आणखीच पिवळं झालं.

मामा पायरीवर जाऊन बसले. फडका त्यांनी खाली मातीत ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला. "जावयाला फोन लाव," ते मला म्हणाले. "पांढरी गाडी आन म्हनावं. यवढी वर्सं घासली आनि आजच नासवली."

मी फोन हातात धरून नुसताच उभा राहिलो. तेवढ्यात ताई बाहेर आली, कोपरापर्यंत हळदीने माखलेली. तिने पट्टीकडे पाहिलं, मग मामांकडे.

"फोन ठेव रे," ती मला म्हणाली. "बाबा, मला हळद लागली, तिला पन लागली. उद्या आमी दोघी संगतीच निघू."

दुसऱ्या दिवशी पाठवणीला गाडी ऐटीत निघाली आणि वेशीच्या अलीकडेच बंद पडली. इतक्या वर्षांत तिला काय काय लावलं होतं, पण मिस्त्रीने चालू करून बघण्यापुरतं ओतलं त्यापलीकडे टाकीत पेट्रोल भरायचं कुणालाच आठवलं नव्हतं. वऱ्हाडाने ती ढकलली. पुढे बँजो वाजत होता आणि मामा शेजारून चालत प्रत्येकाला सांगत होते की पत्र्याला हात लावा, बंपरला नको. वेशीवर ताई उतरून मागून आलेल्या जावयाच्या पांढऱ्या गाडीत बसली. मामांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. त्या परक्या गाडीच्या दाराची मूठ तेवढी नीट पुसून दिली.

मुलामा चढवून देणारे पनवेलमध्ये आहेत. मी चौकशी करून मामांना सांगितलंही. ते हो म्हणाले आणि जेवलास का विचारू लागले. परवा रविवारी गेलो तर बॉनेटवरची तीच पट्टी काढून घासायला घेतली होती. मी बसलो, दुसरं टोक धरलं. फडका सरसर येतो, पिवळ्या जागेपाशी अलगद उचलला जातो आणि वीतभर पलीकडे जाऊन टेकतो. माझं बोट तिथे लागू नये म्हणून मी जरा सरकून बसलो.