भोंगाआत्याचे धवले

भोंगाआत्या खरवईत रागावली की अंबरनाथच्या कारखान्यांतली माणसं पाळी सुटली समजून डबे उचलून घरी निघत. हा आवाज तिने धवल्यांवर कमावला होता. आमच्या आगरी लग्नात हळदीला धवलारीण धवले गाते, एकेका देवाला गाण्यातून आवतण देते, तेव्हा कुठे लग्न लागतं. बदलापुरातले निम्मे संसार आत्याच्या घशावर उभे होते. आणि याच बाईला भावकीने लग्नांतून हाकललं. आता आत्या नाही, भावकी मात्र ठणठणीत आहे. देवाचा न्याय हा असा! सांगताना अजूनही माझं डोकं तापतं, त्यावर चहा उकळावा.

आत्या म्हणजे बाबांची चुलत बहीण. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि गावकीत सगळ्यांना गप्प करणाऱ्या माणसाच्या तोंडात एकच शिवी उरली. पाणी हवं, शिवी. पंखा हवा, शिवी. जावई पाया पडला, आशीर्वाद म्हणून तीच शिवी. आणि ती दिली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत सगळं शाबूत होतं, बाहेर येईना.

उल्हासनगरच्या वाचा-उपचारवाल्या सिंधी मॅडम म्हणाल्या, "देखो भाई, मेंदूतला बोलण्याचा रस्ता एका बाजूला असतो, तो तुटलाय. गाण्याचे रस्ते दोन्ही बाजूंना आहेत. लहानपणापासून पाठ असलेलं काहीतरी गायला लावा, डाव्या हातावर ठेका धरा. मग त्याच चालीत रोजचे शब्द घाला आणि हळूहळू चाल काढून घ्या. महिने लागतील." आमच्या घरच्या शहाण्यांनी काय केलं? मोबाईलवर शांत बासरी लावली. बाबांनी बासरीलाही शिवी दिली.

आत्या ओटीवरूनच कडाडली, "मेल्यांनो, माझे भावाला बासरी ऐकवताव? त्यो काय गाय हाय?"

मॅडमचं म्हणणं मी सांगितलं. तिने बाबांचा डावा हात ओढला आणि हळदीचा धवला सुरू केला. तिसऱ्या ओळीला बाबांच्या तोंडून 'हलद' आलं. स्वच्छ. आम्ही सगळे भिंतीला टेकलो.

मग रोज दुपारी ती येई. ठेका असा धरी की बाबांचा तळहात भाकरीसारखा फुगे. "'पानी दे गो' म्हन! रडतंस काय? हुकूम कर!" आणि बाबा धवल्याच्या चालीत पाणी मागत, जेवण मागत, आमची अब्रूही काढत.

पण भरदुपारी हळदीचं गाणं ऐकून भावकी पेटली. भावकीचे म्होरके शिरगावचे काका दारात उभे. "पोराची हलद लावलीस नि आमाला आवतन नाय?" आत आत्या खाटेवरच्या बाबांपुढे गातेय हे बघून ते आणखीच बिथरले. लग्नाचं गाणं दुखण्यापुढे म्हणजे अपशकुन! ही बाई आता आमच्या मांडवात नको!

आत्या म्हणाली, "देवांना आवतन देते मी. ते लग्नात जेवाया येतात, नि आजाऱ्याला बघाया यायला त्यांचे पाय मोडलेत?"

काकांनी दारातूनच निकाल दिला. ज्यांची लग्नं तिने लावली, त्यांनीच तिला पोरांच्या लग्नांतून काढलं आणि डीजे आणला. असा डीजे की सोनिवलीतल्या म्हशी आटल्या. मांडव गेले तरी आत्याने आमचं दार सोडलं नाही. एका अक्षराने तक्रार नाही. शिव्या अर्थात भरपूर.

मग काकांच्याच मुलाची हळद आली. बाबांना खुर्चीवर बसवून नेलं. धवल्याविना हळद भिजवायला घेतली तेव्हा बाबांनी डावा हात खुर्चीवर आपटला.

"आधी... तिला... आना."

चाल नव्हती. गाणं नव्हतं. नुसते शब्द. काका म्हणाले, "क... काय?" बाबांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग दोघांची जुंपली.

मी धावत आत्याकडे गेलो. ती सुकट निवडत होती. ऐकून तिचे हात थांबले.

"गाऊन बोल्ला का साधा?"

"साधा, आत्या."

तिने पदर तोंडावर दाबला. खांदे हलत होते. मी जवळ जाऊ की नको, अशा पेचात असतानाच पदर खाली आला आणि तिने सूपच माझ्या अंगावर भिरकावलं.

"मंग माझं त्वांड काय बघतंस, मुडद्या? जा! त्यो तिकडं एकला भांडतंय!"