वर्षाच्या बोटांखालची चित्रं

शिंप्याच्या मशीनखाली चिंध्या साचतात. कोणी मुद्दाम साचवत नाही. माझ्याकडे किस्से तसेच साचले.

मंगरूळपीरला जन्मभर कपडे शिवले. आता अंध मुलांसाठी हाताला लागणारी चित्रं करतो. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, सुतळी, बटणं, डिंक. खर्च नाही. शिक्षण चौथी, पण माझी शिलाई कधी उसवली नाही!

चित्रं तपासते वर्षा. जन्मापासून अंध, जिभेची तिखट. तिला वाशीमला कॉम्प्युटर शिकायला जायचं आहे. तिचा बाप सुदाम, भाजीवाला, अडून बसलेला. "एकटी? नाई!"

*

पहिलं चित्र गाईचं. बाजूने दिसते तशी. बघणारे वाहवा करत होते. वर्षाने बोट फिरवलं.

"आबा, दोन पाय काहून कापले?"

"ते मांगं हायेत."

तिने पुठ्ठा उलटवला, मागून चाचपला.

"मांगं तर काईच नाई!"

गाय पुन्हा केली. चार पायांची.

*

महाराष्ट्राच्या नकाशात कोकणाला रेती लावली, विदर्भाला तूरडाळ. सकाळी वर्षाचं बोट नागपूरकडे गेलं अन् थांबलं.

"आबा, विदर्भ येगळा झाला काय? मले कोनी सांगतलंबी नाई!"

रात्री उंदरांनी तूरडाळ फस्त केली होती! तेव्हापासून धान्य बंद.

*

शिक्षण खात्याचे एक साहेब चित्रं पाहायला आले. लांबूनच म्हणाले, "छान! फक्त रंग जरा भडक हवेत."

वर्षा म्हणाली, "साहेब, डोळे मिटा अन् नकाशावर वाशीम शोधा."

साहेबांचं बोट थेट अरबी समुद्रात!

"आता रंग भडक करू काय?" मी विचारलं. साहेब चहा न घेता गेले.

*

शेवटी सुदाम एवढ्यावर आला: "एक डाव एकटी जाऊन दाखव. अडकली तर शिकनं बंद."

मी टेप घेऊन वाशीमचं बसस्टँड मापायला गेलो. फलाट, नळ, चौकशीची खिडकी, गेट. एक कंडक्टर बघत उभा.

"आबा, स्टँडले शर्ट शिवून राह्यले काय?"

"कापड आन, शिवतो!"

नकाशा झाला. नळाला बटण, गेटला हूक. वर्षाने आठ दिवस त्यावर बोटं घासली.

*

ठरल्या दिवशी ती एकटी बसमध्ये चढली. सुदाम अन् मी तिला न सांगता मागच्या सीटवर, तोंड बंद. वाशीमला ती उतरली. एका हातात काठी, दुसऱ्या हाताचं बोट गळ्यात अडकवलेल्या नकाशावर. आम्ही वीस पावलं मागे. नळ गेला. खिडकी गेली. सुदामने माझा दंड असा धरला की वळ उठला.

गेटच्या अलीकडे काठी खट्कन आपटली. वर्षा थांबली. सुदाम धावणार, तोच ती मान न वळवता ओरडली:

"आबा, हे बाकडं नकाशात नाई! अन् बाबा, तुमच्या चपला कवाच्या वाजून राह्यल्या! मंगरूळची गाडी लागली हाये. जा, वांगे इका!"