निळी चिंधी, तांबडी चिंधी

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. नवरा पलटणीतून परत आला नाही, म्हणून मी मलकापूर सोडून सांगलीला नर्सचं शिकायला आले. दिरानं निघतानाच बजावलं होतं, "नापास झालीस तर गुमान परत यायचं. शेणघाण हायच." त्या घरात मला परत पाऊल टाकायचं नव्हतं.

आणि शिकायचं काय, तर हृदय! पुस्तकातलं काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी अंगणात नीळ आणि गेरूनं चार खोल्यांचं भलंमोठं हृदय काढलं. दोघी पोरी फुप्फुसं होऊन पदरानं वारा घालत उभ्या राहिल्या. मी रक्त. निळी चिंधी घेऊन उजव्या खोल्यांतून फुप्फुसांकडे जायचं, तिथं ती देऊन तांबडी घ्यायची आणि डाव्या खोल्यांतून बाहेर पडायचं.

"निळं म्हणजे अशुद्ध रक्त," बाई म्हणाल्या.

"आवं बाई, बोट कापलं तर तांबडंच येतंय की! आन् मीच का अशुद्ध?" लय राग आला मला. आधीच हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं.

"अगं, फिरून आलं की तेच शुद्ध होतं. चाल बघू."

चालले. तर उजवी खोली माझ्या डाव्या हाताला! चित्रातला माणूस तुझ्याकडे तोंड करून आहे, असं बाईंनी समजावलं, तर डोक्याचा पार भुगा झाला. तीनदा फुप्फुसांवर आदळले.

तोंडी परीक्षेला डॉक्टरांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "रक्त कसं फिरतं?" उजवं कुठलं, डावं कुठलं, काही सुधरेना. मग सरळ चित्राला पाठ लावून उभी राहिले. आता माझा उजवा तोच त्याचा उजवा. पायाखालच्या चार फरश्या म्हणजे खोल्या धरल्या आणि मोठ्यानं बोलत चालत सुटले. शेवटच्या खोलीतून रक्त अंगभर जातं, म्हणून मीही दारातून व्हरांड्यात गेले. तिथं भानावर आले. अगं बाई! आता आत जायचं, की झाली परीक्षा?

गेले आत.

"परत का आलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"रक्ताला परत यावंच लागतंय, साहेब. मला तेवढं परत धाडू नका."

डॉक्टर हसता हसता थांबले आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी पास झाले. हृदय कळलं म्हणून, की माझी दया आली म्हणून, हे मला आजतागायत उमगलेलं नाही.