खाजणातला अक्षरांचा दगड

कल्याणपर्यंत आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. दिव्याच्या खाडीकाठी तुळसा नावाची आगरी बाई राहत असे. माहेर शहाडचं, नवरा नाथा तापाने गेलेला, मूलबाळ नाही. नाथा गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ पंढरी म्हणाला होता, "वयनी, माहेरी जाऊन राहा. खाजण मी बघीन." तुळसा गेली नाही. खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या त्या जमिनीत ती स्वतः भात लावू लागली. पंढरीचं शेत लागूनच होतं. एरवी तो मिठागरावर कामाला जाई. तो बांधावर दिसला की तुळसा हातातलं काम थांबवून बघत राही, हा माणूस बांध इकडे सरकवत तर नाही ना.

तिच्या शेताच्या कडेला एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि खाली गाढवाचं असं चित्र, की शेंदूर लावताना बाया नजर वरच ठेवत. तो कुणी रोवला ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका उन्हाळ्यात कल्याणहून हरिहरपंत आले. वहाणा हातात, काखेत कागदाची गुंडाळी. मुंबईच्या कुठल्याशा विद्वान मंडळींसाठी ते जुने लेख गोळा करीत. त्यांनी दगडावरचा शेंदूर खरवडला, दगड धुतला, अक्षरांचा ठसा घ्यायला ओला कागद त्यावर ठोकून बसवला आणि वरून शाई फिरवली. तुळसा विळा घेऊन जवळच उभी होती.

"काय लिवलंय त्याच्यान?" तिने विचारलं.

"कुणीतरी जमीन दान दिलेली दिसते. जो ती हिरावून घेईल त्याला खाली शिवी आहे."

"दिली कुणाला?"

"देवळाला असावी. घरी जाऊन नीट वाचावं लागेल."

"म्हंजे जमीन आमची नाय?"

पंत हसले. "अगं, सातशे वर्षं होऊन गेली. आता कोण विचारतंय?"

"तुमी विचारताव ना."

पंतांनी कागद सोलून काढला आणि उन्हात धरला.

ते हसणं तुळसाला आवडलं नाही. गावालाही तो माणूस आवडला नाही. सरकारी मोजणीवाले आले तेव्हा तेही असेच गोड बोलले होते आणि मग शेतसारा वाढला होता, हे म्हातारे अजून सांगत. त्यात पंत पुन्हा आले आणि खाडीच्या काठावरची फुटकी खापरं, काचेचे मणी रुमालात बांधून घेऊन गेले. खापरं कोण नेतं? गावात बोलणं सुरू झालं, की दगडाखाली सोनं आहे आणि भटाला त्याची खूण सापडली आहे. जाताना पंत सहज म्हणाले, "हा दगड मुंबईला नेऊन ठेवला तर बरं होईल." ते शब्द घरोघर पोचले.

पुढच्या अमावास्येनंतर एका सकाळी दगड जागेवर नव्हता. नुसता खड्डा.

पाटील काळुराम आला, खड्ड्यात काठी खुपसून बघितली आणि तुळसाकडे वळला. "शेत तुझं. तुला न इचारता कोन नेल?"

"मना म्हाईत नाय."

पंढरी मागून म्हणाला, "भटानंच नेला. तो बोललाच होता."

"बाईची साथ असल्याबिगर नेला काय?" कुणीतरी म्हणालं. पंढरी पाठ फिरवून आपल्या शेताकडे निघाला.

त्या दिवसापासून विहिरीवर तुळसा आली की बाया आपले हंडे उचलून बाजूला होत. शेजारची सगुणा, जी रोज विस्तव मागायला यायची, तिने येणं बंद केलं. तुळसाने चार दिवस सोसलं आणि मग चालत कल्याण गाठलं.

पंतांच्या बायकोने, मंदाकिनीबाईंनी, तिला ओटीखाली उभं करून वरून ओंजळीत पाणी घातलं. पंत बाहेर आले. तुळसाने सरळच विचारलं, "दगड कुठं ठेवलाव?"

पंतांचा चेहरा उतरला. "गेला? फोडला का तुम्ही लोकांनी?" ते मटकन खाली बसले. अक्षरांतली एक ओळ अजून लागत नव्हती, ती बघायला पुन्हा यायचं होतं, असं ते पुटपुटत राहिले. घरातलं माणूस जावं तसं ते दुःख होतं. तुळसा ते बघत उभी राहिली. हा माणूस खोटं बोलत नाही, हे तिला पटलं, आणि परतीची वाट तिला जड गेली. परका चोर नव्हता, तर मग घरातलाच होता.

श्रावणातल्या उधाणाला तिला उत्तर मिळालं. पंढरीच्या बाजूचा बांध दरसाल एका जागी झिरपायचा. यंदा तिथून थेंब आला नाही. ओहोटी लागल्यावर तुळसा चिखलात उतरली, बांधाच्या बुडाशी हात घातला. बोटांना गार, घडीव कड लागली. आत चाचपलं तेव्हा अक्षरांच्या खाचा लागल्या.

तिने पंढरीला तिथेच बोलावलं.

"मना वाटलं," तो खाली बघत म्हणाला, "वाचायलाच काय राह्यलं नाय तर मामलेदार जमीन घ्यायला कशाला येल? दोघांची शेतं वाचतील."

"आन् मना चोर ठरवलं ते?"

तो म्हणाला, "तू भटाशी बोलत उभी ऱ्हायचीस. मना वाटलं, शेत एकलीच्या नावावर करून घेतेस."

तुळसाला राग आला, पण त्याहून जास्त तिला थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं ती त्याच्यावर डोळा ठेवून होती आणि तो तिच्यावर.

दगड वर काढला तर तिचं नाव धुऊन निघणार होतं. पण मग पंत येणार, मुंबईचे येणार, आणि त्यांच्यामागून आणखी कोण येईल याची तिला खात्री नव्हती. बांधातला दगड बांधातच ठेवून तिने पंढरीला चावडीवर नेलं. "सांग," एवढंच म्हणाली. दगड आपणच उपटला आणि होडीने नेऊन खाडीत सोडला, असं पंढरीने पाटलासमोर कबूल केलं. काळुरामने त्याला शिव्या दिल्या, गाव हळहळलं, आणि दुसऱ्या दिवशी सगुणा विस्तव मागायला आली. तुळसाने तो दिला, पण तिला बसायला सांगितलं नाही.

पंढरीची कबुली कानावर गेली, तसे दिवाळीनंतर पंत आले. खड्डा बुजलेला बघून म्हणाले, "खाडीत नेमका कुठे टाकला? ओहोटीला शोधता येईल."

"चिखलान गेला," तुळसा म्हणाली. "आता नाय गावायचा."

पंतांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर लांब बांधावर गेली, तिथे काही वेळ थांबली. पण पंतांनी फक्त पागोटं सावरलं आणि ते कल्याणच्या वाटेला लागले. ते दिसेनासे होईपर्यंत ती हलली नाही. ते मागे वळून बघतात का, हे तिला बघायचं होतं.